कातड्याची उलटी बाजू

पेंढा भरलेले हरीण भिंतीवर लागले की पाहणारे शिंगे पाहतात, काचेचे डोळे पाहतात आणि ‘अगदी जिवंत वाटतं हो!’ म्हणून चहाकडे वळतात. कातड्याची आतली बाजू कोणी पाहत नाही. टॅक्सीडर्मीतले, म्हणजे प्राणी भरण्याच्या कलेतले, निम्मे कष्ट मात्र या न दिसणाऱ्या बाजूवर होतात, आणि हत्यारांवरचा निम्म्याहून अधिक खर्चही तिथेच होतो.

प्राण्याच्या अंगावरून उतरवलेले कातडे कधीच नुसते कातडे नसते. आतल्या अंगाला मांसाचे तुकडे, चरबीचे थर आणि एक पातळ, चिवट पापुद्रा चिकटलेला असतो. हे सगळे खरवडून काढणे म्हणजे फ्लेशिंग. ते का करायचे, याचे उत्तर मिठात आहे. ताज्या कातड्याला आयोडीन नसलेले बारीक मीठ चोळून त्यातले पाणी ओढून घ्यावे लागते, आणि चरबीच्या थरातून मीठ आत उतरत नाही. जिथे मीठ पोचत नाही तिथे जिवाणू पोचतात, केसांची मुळे सैल होतात आणि थोड्याच दिवसांत कपाळावरचे केस पुंजक्यापुंजक्याने हातात येतात. माणसाला हा त्रास झाला तर बाजारात शेकडो तेले मिळतात. हरणासाठी एकही निघालेले नाही.

दुसरे कारण मापाचे. नावापुरता पेंढा उरला असला तरी हल्ली कातड्यात कोणी काही भरत नाही. पॉलियुरेथेन फोमचे तयार मुंडके मिळते. नाकापासून डोळ्यापर्यंत इतके इंच, मानेचा घेर इतका इंच, अशा मापाने ते मागवायचे आणि त्यावर कातडे चढवायचे. कातडे जाड राहिले तर फोमवर कोरलेले गालाचे हाड, डोळ्याखालची खळगी, ओठाची मुरड सगळे बुजून जाते आणि हरणाच्या चेहऱ्यावर दुपारच्या झोपेतून नुकतेच उठल्याचा भाव येतो. कातडे आणि आतला आकार यांचा मेळ बसला नाही की काय होते, हे लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात पाहायला मिळते. तिथला वॉलरस 1886 च्या वसाहती आणि भारतीय प्रदर्शनात लोकांपुढे आला होता. वॉलरसच्या अंगाला घड्या असतात, हे भरणाऱ्याला कोणी सांगितले नव्हते. तो बिचारा घड्या संपेपर्यंत भरत गेला. आजही तो वॉलरस तुकतुकीत गोल आहे आणि संग्रहालयाचा सगळ्यांत लाडका प्राणीही तोच आहे. प्रत्येक टॅक्सीडर्मिस्टच्या नशिबी इतके प्रेमळ प्रेक्षक येत नाहीत.

छोट्या प्रमाणावर हे काम कसे चालते ते पाहायचे तर अमेरिकेतले विस्कॉन्सिन राज्य सोयीचे. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. या नऊ दिवसांत उपवास कोणी करत नाही. शिकाऱ्याने भडक केशरी कपडे घालावेत असा कायदा आहे. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो, आणि असा उदार निर्णय घेणारे हे देशातले पहिले राज्य. हंगाम उलटला की या केशरी-गुलाबी मंडळींच्या गाड्या गावागावांतल्या गॅरेजांकडे वळतात. गॅरेजचा मालक दिवसा शाळेत, कारखान्यात किंवा पोस्टात नोकरी करतो आणि रात्री टॅक्सीडर्मी. आठवडाभरात त्याच्या फ्रीझरमध्ये हरणांची खांद्यापासून वरची कातडी (धंद्यातला शब्द ‘केप’) गुंडाळ्या करून भरली जातात. मग तो हत्यारे विकणाऱ्यांचा कॅटलॉग उघडतो, आणि उपकरणांची निवड हा प्रश्न जन्माला येतो.

या राज्याला तशी परंपराही मोठी. मिलवॉकीच्या सार्वजनिक संग्रहालयात कार्ल एकली याने 1890 मध्ये मस्करॅट या पाणथळीतल्या प्राण्यांचा देखावा उभा केला. घरटे, पाणी, गवत यांसकट प्राणी दाखवण्याच्या पद्धतीचा तो पाया मानला जातो. याच एकलीने पुढे शिकागोच्या संग्रहालयाच्या पडक्या भिंतींसाठी सिमेंट फवारणारे यंत्र शोधून काढले. बोगद्यांच्या आणि धरणांच्या कामात आज सिमेंटचे जे फवारे मारतात, त्यांचा जनक हा प्राणी भरणारा माणूस. हत्यार समोर दिसले की त्यात सुधारणा केल्याशिवाय या लोकांना चैन पडत नाही, आणि ती सवय गॅरेजपर्यंत उतरलेली आहे.

पहिले हत्यार बीम. गोलसर पाठीचा, घोटून गुळगुळीत केलेला एक लांब ओंडका तिरका उभा करायचा. वरचे टोक कमरेच्या आसपास, खालचे जमिनीकडे. त्यावर कातडे केस खाली आणि मांस वर असे पसरायचे, वरची कड पोट आणि बीम यांच्यामध्ये दाबून धरायची आणि दोन मुठींची सुरी पुढे ढकलत न्यायची. म्हणजे या कामात पोट हे उपकरणांच्या यादीतच धरायला हवे. सडपातळ माणसाला कातडे अडकवायला चिमटे लागतात. बऱ्या अंगाच्या माणसाचे ते काम निसर्गाने आधीच केलेले असते, आणि जगात असे उद्योग फार थोडे आहेत.

बीम लाकडाचा घ्यावा की प्लॅस्टिकचा, यावर टॅक्सीडर्मिस्टांत दोन तट आहेत. लाकूड हाताला बरे वाटते, पण पाणी आणि चरबी पिऊन फुगते, त्याच्या काड्या उठतात. जाड, टणक प्लॅस्टिकचा बीम धुतला की स्वच्छ होतो, मात्र त्याला किंमत पडते. काटकसरी माणूस मोठ्या व्यासाचा पीव्हीसी पाइप उभा चिरून तो फळीवर ठोकतो, आणि त्याचेही काम अडत नाही. ‘घरी केलेला बीम फुकटात पडतो,’ असे सांगणारे लोक त्यासाठी आणलेला रंधा, पॉलिश पेपर, स्क्रूंचा डबा आणि एका मेलेल्या रविवारची किंमत धरत नाहीत. साहित्य कुठलेही असो, पाठ गुळगुळीत हवी, कारण खालचा उंचवटा कातडे वर उचलतो आणि सुरी तेवढाच भाग नेमका छाटते. ओंडक्याला दोष देण्याआधी मात्र कातड्याच्या केसांतून बोटे फिरवून पाहावीत. हरीण रानातून आलेले असते आणि गोखरूचा एखादा काटा केसांत अडकलेला असतोच. तो वाटाण्याएवढा काटा वर काही दिसत नाही. सुरी त्यावरून गेली की त्याच मापाचे सुबक भोक पडते. मग कातडे उलटे करून ‘गोळी इथेही लागली होती वाटतं’ असे गिऱ्हाइकाला सांगणे, हा अनुभवी माणसाचा मार्ग.

बीमच्या उंचीबद्दल कॅटलॉग गप्प असतो. बीम बुटका झाला तर कंबर धरते, उंच झाला तर खांदे. दुसऱ्याच्या मापाचा बीम विकत घेऊन त्यावर एक हंगाम काढलेल्या माणसाला चालताना लांबूनही ओळखता येते.

दुमुठी सुरी हे दुसरे हत्यार, आणि खरे तर सगळ्यांत महत्त्वाचे. हातभर लांब, किंचित वाकडे पाते, दोन्ही टोकांना मुठी. एक कड धारदार, दुसरी बोथट. नरहरणाची मान माजावर येण्याच्या दिवसांत फुगते, तिथले कातडे जाड आणि चिवट असते. तिथे धारदार कड जवळजवळ आडवी धरून मांस तासायचे. बगलेशी आणि पोटाकडे कातडे पातळ असते, तिथे बोथट कडेने चरबी पुढे लोटायची. नवा माणूस उलटे करतो: मानेवर बोथट कडेने घाम गाळतो आणि कंटाळला की त्याच रागात धारदार कड बगलेवर चालवतो.

धारेचे गणितही सरळ नाही. सुरी बोथट असली की जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की भोक पडते. सुरी फार धारदार असली की जोर लावावा लागत नाही, आणि भोक कधी पडले ते कळत नाही. या दोन टोकांमधली धार म्हणजे खरे कसब, आणि ती निसण्यावर हातानेच मिळवावी लागते. महागडी सुरी घेऊन दोन डॉलरच्या निसण्यात कंजुषी करणारे बरेच असतात. पुढे ते ‘सुरीत दम नाही’ म्हणून तिसरी सुरी घेतात. नाचता येईना, अंगण वाकडे. इथे अंगण दर हंगामाला नवे घेतले जाते, एवढाच फरक.

अर्धगोल पात्याचा, वर मूठ असलेला ‘उलू’ हा उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट बायकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा चाकू. कातडे सोलणे, खरवडणे, मांस कापणे, सगळे त्यावर. छोट्या कातड्यांना तो उत्तम. अलास्कात तो पर्यटकांनाही विकला जातो, आणि त्यातले बहुतेक उलू पिझ्झा कापण्याच्या कामी येतात.

मानेपर्यंत सगळे शौर्याचे काम. चेहऱ्यापाशी ते संपते आणि स्कॅल्पेल सुरू होते: चार नंबरचा दांडा आणि त्यात बसणारी बावीस नंबरची पाती. हरणाचा ओठ आतून चिरून दुपदरी करायचा, म्हणजे पुढे तो फोमवर लावलेल्या मातीत खोचून बसवता येतो. पापण्यांच्या कडेचे मांस काढायचे, पण कड शाबूत ठेवायची. नाकपुडीतली कूर्चा पातळ करायची. आणि कान! कानाच्या मागचे कातडे आतल्या कूर्चेपासून मुळापासून टोकापर्यंत सोडवायचे आणि मोज्याचा अंगठा बाहेर काढावा तसा सगळा कान उलटा करायचा. टोकाशी कातडे आणि कूर्चा एकमेकांना इतकी बिलगलेली असतात की त्यांच्यामध्ये जागा आहे हे श्रद्धेनेच मानावे लागते. श्रद्धा कमी पडली तर कूर्चा आत राहते आणि वाळल्यावर कान चुरमडतो. जास्त झाली तर स्कॅल्पेलचे टोक बाहेर येते. या कामासाठी कान उघडायची खास पक्कड मिळते. नेहमीच्या पकडीच्या उलट, मूठ दाबली की हिचे तोंड उघडते. याच तत्त्वावर चालणारी माणसेही असतात, पण ती कॅटलॉगमध्ये नसतात.

आता मशीन. कॅटलॉगची मधली दोन पाने त्याचीच. टेबलावर बसवलेली छोटी मोटर, तिच्या दांड्यावर आठ-दहा इंच व्यासाचे गोल पोलादी पाते, पात्याभोवती कड जेमतेम बाहेर ठेवणारे झाकण. दोन्ही हातांनी कातडे ताणून त्या कडेवरून ओढायचे, की मांसाचे आणि पापुद्र्याचे पातळ तुकडे भुरभुर उडत खाली पडतात. विकणाऱ्याच्या चित्रफितीत एक प्रसन्न गृहस्थ पाच मिनिटांत पूर्ण केप उरकून कॅमेऱ्याकडे हसून पाहतात. त्या कातड्यावर आधी कोणी किती वेळ बसले होते, ते चित्रफितीत नसते.

किंमत हजार डॉलरच्या पुढे. खांद्यापर्यंतचे एक हरीण करून देण्याचे पाचशे डॉलरच्या वर मिळत असले, तरी त्यातून फोमचे मुंडके, डोळे, मीठ, रसायने आणि वीज वजा जाता जे उरते ते पाहिले, की वर्षाला सहा हरणे करणाऱ्याने मशीन घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तरीही मशीन घेतले जाते. घरात त्याचे समर्थन ‘वेळ वाचेल’ असे केले जाते. तो वाचलेला वेळ पुढची दोन वर्षे धार लावण्यात जातो.

कारण या पात्याची धार साधी नाही. दगडावर धार लावून झाली की मोटर चालू असतानाच पात्याला पोलादी कांब लावून धार एका अंगाला वळवावी लागते. एक कांब आतून, एक बाहेरून, दोघींचा दाब सारखा. वळलेली कड नखाला लागावी, डोळ्याला दिसू नये, इतकी बारीक. ती कमी वळली तर पाते कातड्यावरून नुसते घसरते. जास्त वळली तर चावते, आणि फिरते पाते एकदा चावले की हात मागे घेईपर्यंत पंधरा टाके घालायचे काम तयार. मशीन लवकर काम करते, हे शंभर टक्के खरे. बिघडवतेही तितक्याच लवकर.

शिवाय मशीनचा खरा उपयोग पहिल्या दिवशी नसतोच. ओबडधोबड मांस सुरीने काढायचे, मीठ लावून चोवीस तास ठेवायचे, ते झटकून पुन्हा मीठ लावायचे, मग कातडे आम्लाच्या पाण्यात बुडवायचे. या पाण्याचा सामू अडीचच्या खाली ठेवावा लागतो. दोन-चार दिवसांत कातडे फुगून पांढरेफटक आणि घट्ट होते. तेव्हा ते मशीनवर तासले की सरळ, एकसारखे पातळ होते. मग पुन्हा आम्लात, मग आम्ल मारून कमावण्याच्या रसायनात. आम्लातल्या कातड्याने ओले झालेले मशीन पुसून तेल लावून ठेवले नाही तर पुढच्या हंगामापर्यंत त्याला गंज चढतो. आणि मशीन विकत घेणारा माणूस पुसून ठेवणाऱ्यांतला क्वचितच असतो.

बाकीची उपकरणे चटकन उरकता येतील. बदक आणि हंस यांच्या कातड्याला चरबी फार आणि जाडी मुळीच नाही. त्यासाठी मोटरीवर फिरणारी मऊ तारांची चकती वापरतात. ती चरबी काढते आणि ॲप्रन, भिंत, छताचा दिवा यांवर समप्रमाणात वाटून देते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही, कातडे फळीवर खिळवून, पापुद्रा झकास निघतो. मात्र हे उघड्यावर करायचे काम, आणि विस्कॉन्सिनचा डिसेंबर पाण्याला पाणी राहू देत नाही. ॲप्रन, हातमोजे, झाकणाचे डबे हे सगळे हवेच. 2002 मध्ये या राज्याच्या हरणांत मेंदू पोखरणारा संसर्गजन्य रोग सापडला, तेव्हापासून खरवडलेला माल कुठे टाकायचा यालाही नियम आहेत. शेजारच्या कुत्र्याला टाकायच्या पदार्थांत तो धरत नाहीत.

आणि एक उपकरण असे आहे की ते कोणत्याच कॅटलॉगमध्ये उपकरण म्हणून छापत नाहीत: टपालाचे खोके. खारवून वाळवलेले कातडे त्यात घालून घाऊक कमावणाऱ्या टॅनरीला पाठवायचे. तिथे मोठ्या मशीनवर बसलेला माणूस दिवसभर हेच करतो, आणि काही महिन्यांनी पातळ, मऊ, कमावलेले कातडे परत येते. अनेक नावाजलेले टॅक्सीडर्मिस्ट हेच करतात आणि त्यात काही कमीपणा मानत नाहीत. अडचण एवढीच, की पाठवण्याआधी मांस आणि चरबी काढून, ओठ चिरून, कान उलटून, मीठ लावावेच लागते. बीम आणि सुरी काही सुटत नाही.

हे वाचून हात शिवशिवू लागलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक सूचना. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मेलेला सापडलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता ठरतो, आणि टॅक्सीडर्मीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. जुन्या वाड्यातल्या दिवाणखान्यात आजोबांच्या काळापासून दात विचकून पाहणाऱ्या वाघाच्या मुंडक्यालाही मालकीचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे हे काम रीतसर पाहायचे तर मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2009 मध्ये वन्यजीव टॅक्सीडर्मी केंद्र सुरू झाले आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभे केले. मरण पावलेले वाघ, सिंह, बिबटे तिथे अभ्यासासाठी आणि संग्रहालयांसाठी जतन केले जातात. तिथेही सगळे सुरू होते ते आतल्या बाजूपासूनच.

विस्कॉन्सिनच्या गॅरेजवाल्यासाठी निकाल सोपा आहे. पहिल्या हंगामाला आपल्या कमरेच्या मापाचा एक बीम, एक चांगली दुमुठी सुरी, तिच्याहून चांगला निसणा, स्कॅल्पेलची पाती डझनाने आणि मीठ पोत्याने. वर्षाला डझनभर मुंडक्यांपर्यंत एवढ्यावर निभते, तासायचे काम टॅनरीवर सोपवावे. वीसच्या पुढे मुंडकी जाऊ लागली तर मशीन घ्यावे, पण नवे घेऊ नये. नोव्हेंबरात हौसेने घेतलेली आणि दोन-तीन कातड्यांवरून नुसती घसरून थांबलेली मशीने जानेवारीत निम्म्या किमतीला विकायला निघतात. बहुतेकांची पाती अजून कोरी असतात, कारण ती वळवायची कशी हे कोणाला जमलेलेच नसते.